टिटवी यंदा कुठं बसली

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पाण्यापर्यंत जाऊन आलो. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय म्हणून चालतो. पक्षी वाटेत येतात त्याला मी काय करणार? शाळेतून निवृत्त होऊन मेढ्याला घर बांधल्यापासून हा एकच रस्ता. घर, मग माझा जुना विद्यार्थी राजाराम याचा माळ, मग उतार, खाली धरणाचा फुगवटा. पाणी बरंच मागं सरकलंय. काठाला गोटे आणि गाळ यांचा रुंद पट्टा उघडा पडलाय. माझी बायको शैला त्याला ‘तुमचा समुद्रकिनारा’ म्हणते. तिनं समुद्र एकदाच बघितला, तोही पाठ करून, फोटो काढून घेताना.

चक्रवाकाची एक जोडी अजून आहे. थंडी संपली, परत जायचं नाव नाही. दोन धोबी, शेपट्या हलवत, काम काही नाही. शेकाटे गुडघाभर पाण्यात, पाय लांब आणि अक्कल आखूड. पांगारा फुललाय, त्यावर साळुंक्यांची ग्रामसभा. गाळात गोरखमुंडी सगळीकडे, जांभळी बोंडं. वास उग्र. मला आवडतो, पण हे कुणाला सांगायची गरज नाही.

परतताना रिसॉर्टवाले भेटले. पांढरे बूट, कानात बोळे. एवढ्या पक्ष्यांच्या आवाजात कानात बोळे घालून चालायचं तर घरीच चाला की.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून गेलेला कंत्राटदार उरलेली खडी न्यायला आलाच नाही. निम्म्या गच्चीवर पसरलीय. “सोमवारी नेतो सर.” कुठला सोमवार ते विचारायचं राहिलं. शै. त्या खडीवरून रोज बोलते. मला. त्याला नाही.

१२ फेब्रु., गुरुवार

धोंडिबा भेटला. त्याच्या बापाची जमीन धरणात गेली, तेव्हापासून पाणी उतरलं की हे लोक उघड्या पडलेल्या गाळात पेरतात. गाळपेर. पाऊस येऊन धरण भरायच्या आत पीक काढायचं, नाहीतर मासे खातात. यंदा मका. बोटभर वर आलीय, चांगली आहे.

“यंदा पाऊस जरा दमानं यावा गुर्जी,” म्हणाला.

“आणि वर राजारामचं भात?”

“त्याला त्याच्या माळावर पडू दे की. धरणात कशाला?”

हा माणूस गेली तीन वर्षं ग्रामपंचायतीचा सदस्य आहे.

उतारावर धायटी लाल झालीय. करवंदीला फूल. वेडे राघू तारेवर ओळीनं, सगळे एकाच बाजूला तोंड करून. शाळेतल्या प्रार्थनेला इतकी शिस्त मी तीस वर्षांत बघितली नाही.

१६ फेब्रु., सोमवार

सांगलीहून अक्काचा फोन. माझी थोरली बहीण, पंचाहत्तरीची, गावभागात नदीजवळच्या गल्लीत तळमजल्यावर एकटी राहते. दोन हजार एकोणीसला पुराचं पाणी माळ्यापर्यंत आलं तेव्हा तिला होडीतून काढली. एकवीसला परत तेच. दोन्ही वेळेला गाळ उपसून, भिंती धुऊन परत तिथंच. होडीत बसताना तिनं काय घेतलं तर देवाची पेटी आणि भाजायचा तवा. तवा का, तर जुना आहे म्हणून.

तिचा मुलगा सन्मती पुण्याला. त्यानं सांगलीतच, पूर न येणाऱ्या विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन ठेवलाय. दोन वर्षं सगळे तिच्या मागं लागलो तेव्हा कुठं ‘पाडव्याला जाते’ म्हणाली. तिचा धाक असा की शब्द दिला एवढ्यावर सन्मतीनं पुण्यात पेढे वाटले.

आज बाकी सगळं बोलून झाल्यावर नेहमीचा प्रश्न. “बाळू, टिटवीनं अंडी घातली काय रं तिकडं? कुठं घातली?”

पलूसला आमचे वडील टिटवी बघून पेरणी ठरवायचे. टिटवी उंचावर बसली तर पाऊस लय, नदीच्या पात्रात बसली तर पाऊस कमी. आयुष्यभर शास्त्र शिकवलेल्या माणसाची सख्खी बहीण. हवामान खात्यावर तिचा विश्वास नाही. त्यावर माझाही नाही म्हणा, पण निदान ते अंडी घालत नाहीत.

म्हटलं, “अजून नाही. घातली की तार करतो.”

२१ फेब्रु., शनिवार

घातली. धोंडिबाच्या मक्याच्या खालच्या अंगाला, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, गोट्यांत. चार अंडी, मातकट, काळे शिंतोडे, टोकं आत. खळगा म्हणावा असंही काही नाही. पाय पडता पडता वाचला. बाई डोक्यावरून किंचाळत फिरत होत्या. एवढ्या मोठ्या डोंगरात हिला गुराढोरांच्या वाटेवरची जागा सापडली. आपल्याकडे मूर्खपणाची वाटणी समान झालेली दिसते.

थोडं लांब उतारावर बसून राहिलो. ती आली. थेट नाही, इकडे तिकडे चालत, मला काही नकोच आहे असा चेहरा करून, मग खाली बसली. पिसं फुगवून अंडी पोटाखाली घेतली. बराच वेळ बघत होतो. उन्हानं डोकं चढलं.

संध्याकाळी अक्काला फोन. म्हटलं, “तुझी हवामान अधिकारी पाण्याच्या अगदी कडेला बसलीय. छत्र्या विकून टाक.”

मी चेष्टा केली. तिनं ती खरी धरली. मग म्हणाली, “बरं झालं बाबा. मग न्हाई जायाचं.”

“कुठं?”

“त्या तिसऱ्या मजल्यावर. यंदा पाणी येत न्हाई. पुढच्या साली बघू.”

समजावलं. ओरडलो. “तुझं पुस्तक तुझ्यापाशी,” म्हणाली आणि दिवेलागणीच्या आत जेवायचा आमचा जैन नेम, म्हणून फोन ठेवला.

२२ फेब्रु., रविवार

सकाळपासून शै. बोलत नाही. सन्मतीनं तिला फोन केला होता. दुपारी बोलली ते असं : “दोन वर्षं आम्ही तिच्या पाया पडतोय. तुम्ही एका वाक्यात घालवलंत. जीभ हाय का काय हाय.” रागावली की शै. माहेरच्या वाळव्याची होते.

खरं आहे.

त्यात आजच साताऱ्याचे निसर्गप्रेमी येणार होते. पक्षी आणि रानफुलं दाखवा सर, म्हणून महिनाभर मागं लागलेले. पंधरा जण, बारा कॅमेरे, दोन झाडांची नावं. पळसाला गुलमोहर म्हणाले. शराटीला ‘काळा बगळा’. एक बाई प्रत्येक फुलापाशी ‘हे कशावर औषध?’ विचारत होत्या. पिवळ्या धोतऱ्यापाशी सांगावंसं वाटलं, आगाऊपणावर.

आणि मी त्यांना टिटवीची जागा दाखवली. कशाला? ‘सरांना सगळं माहीत असतं’ म्हणाले म्हणून. सदुसष्टाव्या वर्षीही तेवढं पुरतं.

बजावलं होतं, लांबून. मी धोंडिबाशी बोलत मागं राहिलो तेवढ्यात यांनी गोरखमुंडी खुडून अंड्यांभोवती गोल रचला. फोटो चांगला यावा म्हणून! टिटवी वर घसा फोडतेय आणि खाली एकजण म्हणतो, “किती छान पोज देतेय.” मी जे बोललो ते इथं लिहिण्याजोगं नाही. त्यांच्यात एक शिक्षिका होत्या, त्यांना वाईट वाटलं म्हणे. वाटू दे.

फुलं गोळा करून फेकली. तासाभरानं ती परत बसली.

२५ फेब्रु., बुधवार

फोटो गावाच्या ग्रुपवर. ‘निसर्गाची रांगोळी’, खाली हात जोडलेले, पन्नास अंगठे. त्यामुळे सगळ्या मेढ्याला कळलं की टिटवी यंदा धरणाच्या पोटात बसलीय. धोंडिबा खुशीत. मक्याच्या कडेनं तिच्यासाठी पट्टा सोडलाय, कुणाचं जनावर येऊ देत नाही. भूतदया नव्हे, मका.

राजाराम दुपारी घरी आला. चेहरा सुतकी. माळाखालची त्याची खाचरं पावसावर. “सर, कायतरी उपाय असंल की ह्याच्यावर.”

“कशावर?”

“टिटवीवर.”

त्याला सांगितलं, पावसाचं टिटवीला कळत नाही. तिला सपाट, दगडी, उघडी जागा लागते, रंगात रंग मिसळायला. बाकी काही नाही. मान डोलावत होता. विद्यार्थी असतानाही अशीच डोलवायचा, नववी ‘ब’मध्ये, तीन वर्षं.

२८ फेब्रु., शनिवार

अंडी जागेवर नाहीत.

पहिल्यांदा वाटलं मुंगूस. पण टरफल नाही, काही नाही. टिटवा-टिटवी दोघं त्या गोट्यांवर येरझाऱ्या घालतायत. बसते, उठते, परत बसते. खाली काही नाही तरी बसते. मला ते बघवलं नाही, निघालो.

माळावर राजाराम. हसरा. “या सर, दाखवतो.” माळाच्या डोक्यावर, बाभळीपल्याड, मोठ्या मनानं खळगा केलेला, बारीक खडे लावलेले, आणि त्यात चारी अंडी. टोकं आत, बरोबर तशीच.

“टोपीत कापूस घालून आणली. एकालाबी धक्का न्हाई.”

“राजाराम, हे तू काय केलंस?”

“वर ठेवली सर. आता तिला वरच बसाय लागंल की. मग पाऊसबी तसाच.”

हा माणूस माझ्याकडे शास्त्र शिकला. थर्मामीटर गरम चहात बुडवून ताप आणणारी पोरं बघितली होती, पण हे नवीन. त्याला म्हटलं ती एवढ्या लांबची अंडी ओळखणार नाही, गार पडतील, मरतील. “येती की. वास लागतो,” म्हणाला. टिटवीला!

आणि मग मी काय केलं ते लिहायला हवं, नाहीतर ही वही कशाला. अंडी उचलून लगेच खाली नेता आली असती. नेली नाहीत. माळावर उभं राहून आधी अक्काला फोन लावला. म्हटलं, “अक्का, अंडी माळावर आहेत. एकदम डोक्यावर. आत्ता माझ्या समोर.”

शब्द न् शब्द खरा होता.

अक्का म्हणाली, “त्या दिवशी तर पाण्याकडंला म्हणलास.”

“हो. आता वर आहेत.”

“अंड्यांना पाय फुटले काय रं?”

मी राजारामकडे बघितलं.

“बाळू. जिवाला हात लावला काय कुणी?”

सांगावं लागलं. तिच्यापुढं खोटं टिकत नाही, लहानपणापासून. तिचा आवाज बदलला. “परत ठेव जा. आत्ताच्या आत्ता. माज्या फ्लॅटसाठी चार जीव उन्हात घातलास व्हय?” मी नाही, राजारामनं, असं म्हणत होतो. फोन बंद.

अंडी टोपीत घेऊन उतार उतरलो. एवढं जपून मी माझ्या पोरीलाही कधी धरलं नसेल. धोंडिबानं लांबूनच हात वर केला. “लय झ्याक केलंसा गुर्जी! पाऊस खाली आणला!” मागून माळावरून राजाराम ओरडला, “सर, तुमी आमाला बुडीवलं!” पंचक्रोशीतला एकमेव विज्ञानवादी दुपारच्या उन्हात टोपीतून पाऊस वाहून नेत होता.

त्याच जागी ठेवली. जागा बरोबर होती. ती लांब पाण्यात उभी राहून बघत होती. आली नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी उजाडताच गेलो. तीन टरफलं. चौथं तेही नाही. कावळा असेल किंवा मुंगूस. टिटवीचा आवाजही नाही कुठं.

चक्रवाकंही गेली. बरं झालं.

सावर फुलून खाली सडा. त्यावर रिसॉर्टवाल्यांची पोरं उड्या मारत होती. आयांना ते गोड वाटत होतं. कुणाशी बोलायची इच्छा नाही.

५ मार्च, गुरुवार

होळीच्या दुसऱ्या दिवशी समोरचा डोंगर जाळला. जाळलं की गवत चांगलं येतं असा इथल्या शहाण्यांचा सिद्धांत. वर अजून धूर. धायटी, करवंद, सगळं गेलं. पोळलेल्या कडेनं कोतवाल मजेत किडे टिपतायत. त्यांना तरी फायदा.

अक्काला मीच फोन केला. अंडी गेल्याचं सांगितलं. रडेल वाटलं, नाही रडली. “मी इचारलं म्हणून झालं,” म्हणाली. “चार जीव गेले. चार महिने गूळ सोडला मी.” गूळ म्हणजे तिचा एकुलता एक चोचला. रोज जेवणानंतर खडा लागतो.

म्हटलं, “अक्का, गूळ सोडण्यापेक्षा ते घर सोड.”

“टिटवीचं नाव काढू नको आता. आणि तू सांगशील ते मी खरं धरणार न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई.”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला खोटारडा म्हटलं, तेही खरं बोललो त्या वाक्यावरून. हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला.

१९ मार्च, पाडवा

अक्कानं गुढी जुन्याच घरी उभारली. सन्मतीनं फोटो पाठवला. दाराच्या चौकटीवर पुराच्या दोन रेघा अजून दिसतायत, वरची तिच्या डोक्याच्या हातभर वर. त्या रेघेखाली उभी राहून हसतेय. नवं लुगडं. हातात कडुनिंबाची वाटी, गुळाशिवाय.

शै. फोटो बघून स्वैपाकघरात गेली, भांडी जोरात वाजवली. मी पुरणपोळी खाल्ली, साखर वाढली असणार.

मी भ्यालोय. हे कुठंतरी लिहून ठेवतो. एकोणीसला तिचा फोन लागत नव्हता तेव्हा मी इथं सुक्या गच्चीवर उभा राहून धरणाकडे बघत होतो. इथलं पाणी वेण्णेतून कृष्णेला जातं आणि कृष्णा तिच्या गल्लीत. मी बघत असलेलं पाणी तिच्याकडे चाललं होतं. परत तसं उभं राहायची माझी तयारी नाही. टिटवी, टेकडी, थर्मामीटर, कशानंही ती हलत असेल तर हलू दे. मी नाक मुरडणार नाही.

मुरडीन, पण मनात.

२७ मार्च, शुक्रवार

शै. वाळवणाला गच्चीवर गेली, कुरडयांचं पातेलं घेऊन. किंकाळी. मी वर धावलो तर शै. पातेलं डोक्यावर धरून बसलेली आणि वरून टिटवी झेपावतेय, टिव टिव करून कान किटवत. परत झेप. परत.

खडीत. कंत्राटदाराच्या खडीत. दोन अंडी.

तीच आहे का दुसरी, कुणी सांगावं. टिटवी गच्चीवर बसते हे वाचलेलं होतं. दगड, सपाट, उघडं, कुत्रं नाही. सगळं शास्त्रात बसतं.

शै. खाली येऊन पाणी प्याली. म्हणाली, “खडी न्यायची न्हाई आता.” मग, “कुरडया अंगणात घालते.” गेली बारा वर्षं तिच्या कुरडयांपुढं घरातल्या कुणाचं काही चाललेलं नाही.

मग जरा थांबून, “फोन करा की अक्कांना. याच्यापेक्षा उंच काय असतंय?”

“मी सांगितलेलं ती खरं धरणार नाही.”

“मी सांगते.”

“तू माझीच बायको.”

३० मार्च, सोमवार

चार झाली. गावाला कळलंच. राजाराम पेढे घेऊन आला. “स्लॅबवर म्हंजे सर, यंदा खाचरं तुडुंब!” वर जाऊन बघतो म्हणत होता. जिन्यात आडवा उभा राहिलो. त्याच्या टोपीकडे बघूनच घाम फुटतो. धोंडिबा फाटकाबाहेरूनच बघून गेला, मका कोवळीच कापून वैरणीला घालावी का विचारत होता. मी म्हटलं, टिटवीला विचार. त्याला त्यात चेष्टा दिसली नाही.

साताऱ्याहून निसर्गप्रेम्यांचा फोन. रविवारी गच्ची मिळेल का. नाही म्हटलं. त्यांच्या बाई म्हणाल्या, निसर्ग सगळ्यांचा असतो. गच्ची माझी आहे म्हटलं.

कावळे दोन, समोरच्या आंब्यावर. सारखे बघतात.

१ एप्रिल, बुधवार

शै.नं माझ्या फोनवरून अक्काला फोटो पाठवलाच. जिन्याच्या फटीतून काढलेला. खडी, अंडी, मागं पाण्याची टाकी.

अक्काचा फोन आला. माझं ऐकूनच घेईना.

“खडी कुणी टाकली तिथं?”

“कंत्राटदारानं. जानेवारीत.”

“अंडी कुणी ठेवली?”

“अक्का, टिटवीनं!”

“मागल्या वेळंलाबी टिटवीनंच ठेवली व्हती. तवा उचलली कुणी?”

तीस वर्षं फळ्यावर पुरावा, निरीक्षण, अनुमान लिहिलं. तिनं ते माझ्यावर उलटवलं आणि तिचं बरोबर आहे. फोटोत अंडी होती, पक्षी नव्हता.

शेवटी म्हणाली, “रविवारी मी येतो. माज्या डोळ्यांनी बघतो. अंडी कुणीबी ठेवील. तिची ती बसलेली दिसली तर खरं.”

“आणि दिसली तर?”

“दिसली तर बघू.”

सन्मतीला कळवलं नाही. तो परत पेढे वाटेल.

४ एप्रिल, शनिवार

चार दिवस चालायला गेलो नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर खुर्ची. दाराच्या फटीतून ती दिसते, पाठमोरी. उन्हाच्या वेळी उठून टाकीच्या गळतीखाली पोट भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. अंडी गार ठेवायची ही तिची पद्धत पुस्तकात वाचली होती, बघितली नव्हती. टाकीची गळती काढायला प्लंबर येणार होता, त्याला नको म्हटलं.

कावळ्यांसाठी काठी आणि छत्री. छत्री टिटवीसाठी. तिच्या लेखी कावळा आणि मी यांत फरक नाही. काल टाळूवर पंख बसला. आज दोनदा छत्रीवर आपटली. ज्यांच्यासाठी करायचं त्यांचाच मार खायचा, हेडमास्तरकीची सवय आहे म्हणून सोसलं.

राजाराम येऊन गेला. म्हणाला, “सर, तुमी म्हणायचा टिटवीला काय कळत न्हाई. आणि तुमीच राखण करताय.” हसत होता. हसू दे. त्याला काय सांगू, मला पावसाचं काही पडलेलं नाही. मला माझी बहीण तिसऱ्या मजल्यावर हवी आहे.

पायथ्याला पळस संपला. पानं फुटतायत. इथून एवढंच दिसतं.

५ एप्रिल, रविवार

पहाटेपासून इथं. रात्री वारा फार होता, गच्चीवर काहीतरी पडल्याचा आवाज आला. वर जाऊन बघितलं नाही. गेलो तर उठेल, आणि एकदा बिथरली की तासतास येत नाही. फटीतून आज काही दिसत नाही. शै.च्या वाळवणाचा प्लास्टिकचा कागद उडून दारापुढं अडकलाय. तो ओढावा तर आवाज होणार.

सकाळपासून वर टिव नाही. बसली असेल म्हणून गप्प असेल. नसेल म्हणूनही गप्प असेल. कावळे आंब्यावर नाहीत. तेही दोन्हीकडून लागू पडतं. एवढं शास्त्र शिकवून एक पक्षी आहे की नाही ते दाराआडून सांगता येत नाही.

अक्का साताऱ्याला उतरून मेढ्याच्या गाडीत बसली. फोनवर म्हणाली, “तू वर जाऊ नको. काय बी नीट करू नको. हाय तसं राहू दे.”

बरं म्हटलं. हात मांडीखाली घेऊन बसलोय.

शै. चहा ठेवून गेली. जाताना छत्री उचलून घेऊन गेली, म्हणाली अक्कांना हे ध्यान दिसायला नको.

फाटक वाजलं. आली. खाली चपला काढतेय, शै.ला विचारतेय पाणी उकळलेलं हाय का. जिन्याला कठडा आहे, पण ती धरत नाही, हट्टी आहे. एकेक पायरी चढतेय. वर अजून काही आवाज नाही. वही मिटतो, दार तीच उघडेल.